साखर वाढली

मराठीत 'वाढणे' या क्रियापदाचे तीन अर्थ आहेत आणि तिन्ही स्वयंपाकघराच्या आसपास नांदतात. पहिला वृद्धीचा. दुसरा ताटात पदार्थ घालण्याचा. तिसरा संपण्याचा किंवा फुटण्याचा: बांगडी फुटली असे म्हणायचे नाही, वाढली म्हणायचे, नारळ फोडायचा नाही, वाढवायचा, करंड्यातले कुंकू संपले तर कुंकू वाढले. अशुभाचा उच्चार टाळण्यासाठी भाषेने अभावाला समृद्धीचे नाव दिले. आमच्यापैकी एकाच्या आजोळी साखरेचा डबा खडखडू लागला की 'साखर वाढली' असे सांगून मुलांना वाण्याकडे पिटाळत.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये हेच दोन शब्द दिघीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी उच्चारले आणि या वेळी त्यांचा अर्थ अगदी सरळ होता.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. रक्ताचा अहवाल आमच्यापैकी एकाचा. कोणाचा, हे सांगत बसत नाही, कारण पुढच्या दोन वर्षांत त्याचा घरात फारसा फरक पडला नाही. गोळी एकजण घेतो. भात दोघांचा कमी झाला, चालणे दोघांचे वाढले, आणि चिडचीडही बरीचशी समसमान वाटली गेली. म्हणून हे लेखनही 'आम्ही'चे.

उपाशीपोटीची साखर १६२ होती; १२६ पासून पुढे मधुमेह धरतात. पण डॉक्टरांचे बोट थांबले ते दुसऱ्या आकड्यावर, एचबीएवनसी ८.४ टक्के. तांबड्या रक्तपेशी साधारण एकशेवीस दिवस जगतात आणि तेवढ्या काळात रक्तातली साखर त्यांतल्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते; म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो. साडेसहा किंवा त्याहून अधिक असेल तर मधुमेह. उपाशीपोटीची तपासणी आदल्या दिवशीच्या संयमाने थोडीफार सावरता येते, जशी आदल्या रात्री जागून सत्र परीक्षा. एचबीएवनसी हे अंतर्गत मूल्यमापन. तिथे आमच्या विद्यार्थ्यांसारखीच आमचीही गय नव्हती.

बातमी ऐकून बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया एकच: 'पण तुम्ही तर जाड नाही!' त्यात सहानुभूती होती, आणि जाड असता तर तुमचीच चूक, असा एक न उच्चारलेला उत्तरार्धही होता. या वाक्याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात सापडले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथँप्टनच्या बाळाचे ३.५ किलो. आपल्या बाळाचे स्नायू आणि अवयव लहान. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. दिसायला हडकुळे, आतून स्थूल. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र छापून आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. आशयाने इतके भरलेले छायाचित्र साहित्याच्या नियतकालिकात क्वचितच पाहिले असेल. ते पाहिल्यावर आमच्या मनावरचे ओझे बरेच हलके झाले. हा आजार केवळ पेढ्यांच्या पेटीतून येत नाही; त्याची मुळे आईच्या, आजीच्या उपासमारीपर्यंत जाऊ शकतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. एवढी माणसे एकाच वेळी निष्काळजी कशी असतील?

पण घरात एक व्यक्ती अशी होती, जिला आकडेवारीचा उपयोग नव्हता. आई: एकाच्या आई, दुसऱ्याच्या सासूबाई. वडिलांना हाच आजार होता. १९९८ मध्ये त्यांच्या पायाचे एक बोट काढावे लागले आणि पुढची सहा वर्षे घरात 'पथ्य' हा शब्द शिक्षेसारखा वावरला. त्यांचे ताट वेगळे, भाजी वेगळी, सणाच्या दिवशी पंगतीत त्यांच्यापुढची ती रिकामी वाटी. आमच्या अहवालाची गोष्ट कळली त्या रात्री आई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी शिरा केला, आणि आम्ही नको म्हणताच 'एवढ्याशाने काय होते?' असे म्हणून वाढला. वरवर पाहता हा विरोधाभास वाटेल. आम्हांला तो तसा वाटला नाही. रिकामी वाटी त्यांना पुन्हा पाहायची नव्हती.

त्या दिवसांत आम्ही 'पथ्य' या शब्दाचा माग काढला, व्यवसायाची खोड म्हणून. पाणिनीने धर्म, पथिन्, अर्थ, न्याय या चार शब्दांना एकच प्रत्यय लावून धर्म्य, पथ्य, अर्थ्य, न्याय्य ही रूपे सिद्ध केली आहेत, आणि 'त्यापासून न ढळलेले' असा त्या प्रत्ययाचा अर्थ. म्हणजे पथ्य म्हणजे वाटेपासून न ढळलेले. त्यात वर्ज्य पदार्थांची यादी नाही, वाट आहे. न्याय्य आणि पथ्य एकाच कुळातले, हे कळल्यावर त्या शब्दाची धास्ती थोडी उतरली.

वाट शब्दशः घ्यायला दिघीइतके सोयीचे गाव नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक जन्मजात आणि दुसरा अपथ्यातून येणारा. उपचारांत निर्धन रोग्याला एक विलक्षण आज्ञा आहे: पायांत काही न घालता, डोक्यावर छत्र न धरता, भिक्षेवर राहून शंभर योजने चालत जावे, नाहीतर विहीर खणावी. आमच्या घरावरून दर वर्षी ज्ञानेश्वरमाउलींची पालखी जाते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान, मग पुण्याच्या वाटेवर दिघी. मॅगझिन चौकात उभे राहून, सत्तरीच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन झपझप चालताना पाहिल्या की सुश्रुताला हे लोक दाखवायला हवे होते असे वाटते. (याच लोकांना वाटेत ठायी ठायी साबुदाण्याची खिचडी आणि राजगिऱ्याचे लाडू देऊन आपण पुण्य जोडतो, ही गोष्ट वेगळी. एकादशी आणि दुप्पट खाशी!)

आम्ही शंभर योजने गेलो नाही. सकाळी दत्तगडाची चढण, आणि रात्री जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे गल्लीत येरझारा. या दुसऱ्या चालण्याचे मोल आम्हांला अधिक कळले. जेवणानंतर चालू लागले की पायांचे स्नायू रक्तातली साखर उचलू लागतात, आणि आमच्या घरच्या यंत्रावर तो फरक दिसे. त्याच वेळी चाकणच्या कारखान्यांच्या बसगाड्या रात्रपाळीची माणसे घेऊन निघतात. त्यांत कधीकधी आमचे विद्यार्थीही असतात. 'सर, मॅडम, एवढ्या रात्री?' असे ते खिडकीतून विचारतात. ती मुले रात्रभर चहा-बिस्किटांवर उभी राहणार आणि सकाळी आमच्या तासाला पेंगणार, हे दिसत असताना त्यांना पथ्याविषयी काय सांगावे, हे आम्हांला अद्याप सुचलेले नाही.

ताटाचे मात्र सुचले. मराठी ताटाला डावे-उजवे आहे: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी, आणि जेवणाचा आरंभ वरणभाताने. आम्ही फक्त क्रम उलटा केला. आधी डावीकडची कोशिंबीर, तीही वाटीभर. मग उसळ आणि भाजी. भाकरी त्यानंतर, आणि भात राहिला तर चार घास. भाज्या व डाळी आधी पोटात गेल्या की साखर सावकाश चढते, हे डॉक्टरांनी सांगितले होते. ज्वारीच्या भाकरीचे सध्या फार स्तोम आहे, म्हणून एक सांगतो: भाकरी चांगली, पण तीही पिष्टच. मधुमेही माणसाने तीन भाकऱ्या निर्धास्तपणे खाव्यात असे ज्वारीने कुठेही लिहून दिलेले नाही.

घराबाहेरचा खरा प्रश्न नकार देण्याचा होता. आपल्याकडे आग्रह हा एक वाङ्मयप्रकारच आहे. त्याचे ठरलेले संवाद आहेत, आणि पहिला नकार त्यात गृहीतच धरलेला असतो. प्राध्यापककक्षात कोणाची पीएच.डी. झाली की पेढे येतात. 'नको' म्हटले तर त्याच्या आनंदात आपण सहभागी नाही असा अर्थ निघतो. 'मधुमेह आहे' म्हटले तर समारंभाचा सूर उतरतो आणि पुढची दहा मिनिटे कारल्याच्या रसावर जातात. 'पुरे' हा शब्द आम्हांला यातून सापडला. 'नको' दाराबाहेर उभे राहून म्हणता येते. 'पुरे' म्हणायला आधी पंगतीत बसावे लागते. पेढ्याचा चिमूटभर तुकडा घ्यायचा, अभिनंदन मनापासून करायचे आणि 'पुरे' म्हणायचे. बहुतेक वेळा भागते.

सहा महिन्यांनी आकडा ६.७ वर आला, वर्षाने ६.१. वजन सहा किलोंनी उतरले. मेटफॉर्मिनची गोळी चालूच आहे. तिच्यामुळे बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, म्हणून त्याचीही तपासणी होते. २०१७ मध्ये ब्रिटनमधील एका चाचणीत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने अगदी मोजका आहार घेऊन वजन बरेच उतरवलेल्यांच्या गटात ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षाअखेरीस औषधांशिवाय मर्यादेखाली आला होता. २०२१ मध्ये तज्ज्ञांनी त्या अवस्थेची व्याख्याही ठरवली: औषध बंद करून निदान तीन महिने एचबीएवनसी साडेसहाच्या खाली. तिला मराठीत काय म्हणावे? 'बरा झाला' म्हणणे खोटे ठरेल, कारण आजार परतू शकतो. जुन्या मराठीत 'आजाराला उतार पडला' असे म्हणत. हा शब्द आम्हांला अचूक वाटतो. दत्तगडावर रोज जाणाऱ्याला माहीत असते की उतारावरही पाऊल जपूनच टाकावे लागते, आणि गुडघे तिथेच बोलतात. आम्ही अजून तिथवर पोहोचलेलो नाही. गोळी एकाने कमी झाली, एवढेच.

यंदाच्या होळीला आईंनी पुरणपोळी केली. पुरणात गूळ नेहमीइतकाच होता. त्यात तडजोड करणे त्यांना मान्य नाही, आणि खरे तर आम्हांलाही नाही. आम्ही कोशिंबीर आणि कटाची आमटी संपवली तोवर त्या तव्यापाशीच होत्या. मग पोळी घेऊन आल्या, आणि वाढायच्या आधी थांबल्या.

'किती वाढू?' त्यांनी विचारले.

हा प्रश्न त्यांनी आजवर कधी विचारला नव्हता. आम्ही 'अर्धी अर्धी' म्हणालो. त्यांनी एका पोळीचे दोन भाग केले, दोन्ही ताटांत वाढले, वर नेहमीची तुपाची धार धरली, आणि मग आपले ताट घेऊन त्या समोर बसल्या.