निर्मळची वाट आणि अठरा वर्षांनंतरचे घर

नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेला रिक्षा धरली की आधी सोपारा गाव लागते, मग गास आणि त्यापुढे निर्मळ. अंतर फार नाही. तेवढ्यात स्थानकाजवळची इमारतींची दाटी मागे पडते. केळीच्या बागा, नारळी, फुलांच्या वाड्या आणि बैठी घरे दिसू लागतात. गावात मोठा तलाव आहे, शंकराचार्यांचे मंदिर आहे, होली क्रॉस चर्च आहे. कार्तिक महिन्यातल्या यात्रेला आजूबाजूच्या सर्व गावांची माणसे येथे लोटतात.

वाटेवरचा सोपाऱ्याचा स्तूप आपल्या वाचकांना परिचयाचा आहे. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकलला, तेव्हा आत दगडी पेटी मिळाली. पेटीत एकात एक ठेवलेले करंडे होते. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंड्यात मातीच्या भिक्षापात्राचे इवलेसे तुकडे होते. ते तथागतांच्या पात्राचे मानले जातात. मातीचे तुकडे आपल्या पूर्वजांनी किती जिवापाड जपले, हे पाहून मन भरून येते. आज मला लिहायचे आहे ते हाडामांसाच्या लेकरांविषयी.

परवाच्या पावसाळ्यानंतर एका रविवारी मी निर्मळला गेलो, तो एका मुलासाठी खोली पाहायला. हा मुलगा बालगृहात वाढला. आयटीआयमध्ये वायरमनचे काम शिकला, वसई पूर्वेच्या एका कारखान्यात लागला आणि अठरा पूर्ण होताच पत्र्याची पेटी घेऊन संस्थेबाहेर पडला. स्थानकाजवळ तीन ठिकाणी त्याला नकार मिळाला होता. आईवडील कोठे असतात? गावचा पत्ता काय? करारावर साक्षीदार कोण? तिन्ही प्रश्नांना त्याच्याकडे उत्तर नव्हते. अनामत रक्कम हा तर चौथा प्रश्न.

निर्मळला एका वाडीत मागच्या अंगाची खोली रिकामी होती. घरच्या वयस्क मावशींनी कागद नंतर पाहिले. आधी त्यांनी विचारले, “बाळा, तुला भात लावता येतो का?” मुलगा खाली पाहू लागला. संस्थेत साठ मुलांचा स्वयंपाक एकदम होई. त्याने आयुष्यात कधी किलोभर तांदूळ विकत आणला नव्हता, विजेचे बिल भरले नव्हते, गॅस पेटवला नव्हता. मग मावशींनी दुसरा प्रश्न केला, “आणि आजारी पडलास तर आम्ही कोणाला कळवायचे?”

या प्रश्नावर आम्ही दोघेही गप्प झालो. मी माझा फोन नंबर लिहून दिला आणि करारावर साक्षीदार म्हणून सही केली. खोली ठरली.

पहिल्या पगाराचे पैसे बारा दिवसांत संपले. हे घरातल्या मुलांचेही होते. पण घरातल्या मुलाला तेराव्या दिवशी आई जेवायला वाढते. माझा पेशा कारकुनाचा. मला जमाखर्च येतो, तेवढेच मी त्याला दिले. दर रविवारी वही उघडायची : भाडे, वीज, बसभाडे, किराणा, आणि पोस्टातले शंभर रुपये. भात मावशींनी शिकवला. आज भाडे वेळेवर जाते आणि वाडीतला पंप बिघडला की हाक त्यालाच येते.

कायदा काही सांगत नाही असे नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अठरा वर्षांनी संस्था सोडणाऱ्या मुलामुलींसाठी अनुरक्षणाची तरतूद आहे. ती एकविसाव्या वर्षापर्यंत मिळते, अपवादात्मक स्थितीत तेविसाव्यापर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार यासाठी दरमहा 4,000 रुपये ठरले आहेत. त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समितीकडे जावे लागते. महाराष्ट्र शासनाने 2018 साली अनाथांना शिक्षणात व शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले, त्यामागे स्वतः अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे यांची धडपड होती. पण त्याचा लाभ घ्यायला अनाथ प्रमाणपत्र लागते. ते, आधार कार्ड आणि बँकेचे खाते ही तीन कागदे मूल संस्थेत असतानाच हाती पडली पाहिजेत. एकदा बाहेर पडल्यावर खेटे घालायला त्याला नोकरीतून रजा कोण देणार?

मात्र मावशींच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही शासन निर्णयात नाही.

ते आपल्या परंपरेत आहे. जीवकाची कथा आठवा. राजगृहाच्या उकिरड्यावर टाकलेले ते मूल राजपुत्र अभयाने उचलले आणि वाढवले. मोठा झाल्यावर जीवकाला कळले की हाती विद्या असल्याशिवाय राजघरात निभाव लागत नाही. तो तक्षशिलेला गेला, सात वर्षे वैद्यक शिकला. परततांना शिदोरी साकेतलाच संपली. तेथे एका श्रेष्ठीच्या पत्नीला बरे करून त्याने पहिली कमाई केली आणि ती सारी आपल्या पोषणाची परतफेड म्हणून अभयापुढे ठेवली. अभयाने ती घेतली नाही. तुझी तुलाच राहू दे, मात्र घर आमच्याच वाड्यात बांध, असे त्याने सांगितले. मुलगा स्वतःच्या पायावर उभा राहिला, तरी दार उघडेच राहिले. हाच जीवक पुढे भगवान बुद्धांचा वैद्य झाला. जोतीराव-सावित्रीबाईंनीही 1874 मध्ये दत्तक घेतलेल्या यशवंताला डॉक्टर केले.

बंधूभगिनींनो, प्रत्येकाला दत्तक घेणे जमणार नाही. पण आपल्या वस्तीत, विहारात अशी मुले येतात. कोणी करारावर साक्षीदार होऊ शकेल. कोणी अनामतीसाठी बिनव्याजी उसने देईल. गृहिणींनी महिन्यातून दोन रविवार स्वयंपाक शिकवावा. निवृत्त कर्मचाऱ्यांनी अर्ज भरून द्यावेत आणि कार्यालयात सोबत जावे. मुलींच्या बाबतीत घर व शेजार आधी आपल्या भगिनींनी जाऊन पाहावा. वाढदिवस, परीक्षेचा निकाल, ताप, पहिला पगार, या चार प्रसंगी ज्याला फोन करावा असे एक माणूस प्रत्येक मुलाला हवे. तो नंबर आपल्या घरचा असायला काय हरकत आहे?