मुक्काम कुठे टाकायचा?

कोल्हापूर

प्रिय ताई,

पुढल्या हिवाळ्यात आई-बाबांना घेऊन मी चाललेय याच रस्त्याने यायचा तुझा बेत आहे, म्हणून ही पत्रं. काय पाहायचं याची यादी तुझ्याकडे तयारच असेल. रात्री पाठ कुठे टेकायची, हा विचार मात्र बहुतेक घरांत सगळ्यात शेवटी होतो आणि भाडं बघून दोन मिनिटांत उरकतो. खरं तर सकाळी सहाला आणि रात्री नऊला आपण गावात कुठे असणार, हे त्यावरच ठरतं.

कोल्हापुरात गाडी घेऊन येणारा प्रवासी बहुधा कावळा नाका, ताराराणी चौक किंवा स्टेशन रोड गाठतो. महामार्गावरून आत शिरलं की हाच भाग आधी लागतो. हॉटेलं नवी, लिफ्ट आहे, गाडी लावायची चिंता नाही. पण अंबाबाईचं देऊळ तिथून तीनेक किलोमीटर. मग दर्शनाला रिक्षा, रंकाळ्याला रिक्षा, आणि दरवेळी बिंदू चौकाकडची तीच गर्दी. दोन दिवस राहूनही गावाशी ओळख होत नाही.

महाद्वार रोड आणि ताराबाई रोडच्या आसपास यात्री निवासं आणि जुने लॉज आहेत. खोल्या लहान, जिने उभे, खाली दुकानांचा गलका. गाडी बिंदू चौकाच्या पार्किंगमध्ये ठेवून सामान हातात घेऊन यावं लागतं. एवढं सोसलं की पहाटे देऊळ उघडताना माणूस चालत पाच मिनिटांत दारात पोचतो. तिथून गंगावेशीकडे वळलं की तालमीत पोरं घाम गाळत असतात, आणि दूध कट्ट्यावर म्हशी ओळीने उभ्या. गिऱ्हाइकाच्या समोर धार काढतात. पेला हातात येतो तो कोमट, वर बोटभर फेस, आणि पिणारे पैलवान तो एका दमात रिकामा करतात. शहरापलीकडच्या हॉटेलात न्याहारी फुकट मिळते म्हणून थांबलेल्यांना हे कधी दिसत नाही.

किरणोत्सव साधायचा असेल तर ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी किंवा ९ ते ११ नोव्हेंबर धरावे लागतील. मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात देवीपर्यंत पोचतात, पण आभाळ भरून आलं तर तो दिवस वाया जातो. त्यामुळे देवळाजवळ दोन रात्रींची खोली हवी, आणि ती खूप आधी सांगून ठेवायला हवी. बाबांच्या गुडघ्यांसाठी तळमजला किंवा लिफ्ट, एवढं फोनवरच विचारून घे.

तारकर्ली

प्रिय ताई,

कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर करत फोंडाघाटाने उतरायचं तर सकाळीच निघावं. घाट अंधारात नको, आणि कोकणातल्या रस्त्याला नकाशातले तास लागू पडत नाहीत.

सिंधुदुर्ग हा १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात घरोघरी खोल्या बांधल्या गेल्या. पर्यटन महामंडळाचा तारकर्लीचा निवास ऐन किनाऱ्यावर आहे, आणि ‘निवास व न्याहारी’ योजनेत नोंदलेली घरंही बरीच आहेत. रस्त्याने जाताना ‘घरगुती जेवण व राहण्याची सोय’ ही पाटी दर शंभर पावलांवर दिसते. त्यातलं कुठलं घर निवडावं? पाटीपेक्षा अंगण बघावं. अंगण सारवलेलं किंवा झाडलेलं, मागे माड, आणि स्वयंपाकघरातून हाक दिली तर बाहेर येणारी घरमालकीण असेल तर निर्धास्त राहावं.

अशा घरात जेवणाचं सकाळीच सांगावं लागतं. मासळी त्या दिवसापुरतीच आणतात. रात्री आठला येऊन सुरमईची थाळी मागणाऱ्याला वरण-भात आणि सोलकढीवर भागवावं लागतं. बाबा सोमवारी मासे खात नाहीत हेही आधी सांगून ठेव, काळ्या वाटाण्याचं सांबार मिळेल.

देवबाग ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी चिंचोळी जमीन आहे. टोकाला संगम. देखणी जागा, पण आत जायला रस्ता एकच. जोडून सुट्ट्या आल्या की गाड्या तासन्‌तास अडकतात. सुट्टीत येणाऱ्यांनी तारकर्लीला किंवा मालवण गावातच राहावं.

किनाऱ्यालगत राहायचं खरं कारण रापण. सकाळी किनाऱ्यावर माणसांच्या दोन रांगा समुद्रात सोडलेल्या लांबलचक जाळ्याची दोन टोकं ओढत असतात. बायका, म्हातारे, शाळेची वेळ व्हायची असलेली पोरं, सगळे दोराला. जाळं वाळूवर आलं की त्यात तारली, बांगडे, मोरी आणि बरंच काही फडफडत असतं, आणि वाटे तिथेच पडतात. नंतर मालवणच्या धक्क्यावरून सकाळच्या होडीनेच सिंधुदुर्ग किल्ला करावा. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा किल्ला उन्हं चढल्यावर आईला झेपणार नाही. जून लागला की होड्या बंद, तेव्हा पावसाळ्यातली स्वस्त खोली किल्ल्यासाठी घेऊ नये.

इथे एक रात्र पुरत नाही. पहिली रात्र प्रवासाचा शीण काढण्यात जाते.

पणजी

प्रिय ताई,

गोव्यात यायचं म्हटलं की सगळ्यांची बोटं नकाशावर कळंगुट-बागाकडे जातात. आई-बाबांना तिथल्या रात्रीच्या दणदणाटात काय करायचंय? पणजीत राहावं. १८४३पासून ही गोव्याची अधिकृत राजधानी, आणि अजूनही पायी फिरता येईल एवढीच.

आल्तिनोच्या टेकडीखाली, मळा या वस्तीला लागून असलेल्या फोंतेन्हासमध्ये पिवळ्या-निळ्या-तांबड्या भिंतींची पोर्तुगीज काळातली घरं आहेत. काहींचं गेस्ट हाऊस झालंय. सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा ऐकून उठायचं, दारात गरम पाव घ्यायचा, आणि गल्ल्यांत गर्दी व्हायच्या आत फिरून यायचं, हे तिथे राहणाऱ्यालाच जमतं. दहा वाजले की फोटो काढणाऱ्यांच्या झुंडी येतात. त्रासलेल्या रहिवाशांनी काही घरांवर फोटो काढू नका अशा पाट्याच लावल्या आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे. रात्री अकराला चाकांची बॅग फरशीवरून खडखडत नेणारा पाहुणा शेजाऱ्यांची झोप मोडतो. इथे राहायचं तर शेजारधर्म पाळूनच.

अडचण गाडीची. या गल्ल्या मोटारी यायच्या आधीच्या आहेत. त्यामुळे जवळच्या ओढ्यापलीकडे पाटोला, कदंब बसस्टँडच्या बाजूला, पार्किंग असलेलं हॉटेल घेऊन फोंतेन्हासमध्ये चालत येणं हा चांगला तोडगा आहे. खोल्या ठोकळेबाज, पण लिफ्ट आहे आणि गाडीची काळजी नाही. तुमच्यासाठी हेच सोयीचं.

आईला मंगेशीला आणि शांतादुर्गेला जायचं असेलच. फोंडा तालुक्यातल्या या देवस्थानांच्या अग्रशाळांत कुळावी आणि भाविकांची राहायची सोय असते. साधी खोली, ठरल्या वेळी बंद होणारं दार, पहाटेचा चौघडा. अभिषेक असेल तर आदली रात्र तिथेच काढावी. पणजीहून पहाटे अंधारात निघायची धावपळ वाचते.

पैशांचंही सांगायला हवं. सप्टेंबर २०२५पासून रोजच्या ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. फोनवर सांगितलेलं भाडं कर धरून की वगळून, हे तेव्हाच विचारावं. शिवाय गोव्यात १९८२च्या कायद्याने हॉटेलांना आणि गेस्ट हाऊसना पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. मोबाइलवर स्वस्तात दिसणाऱ्या फ्लॅटच्या मालकाला नोंदणी क्रमांक विचारला आणि तो चाचरला, की पुढे जावं.

बदामी

प्रिय ताई,

अनमोड घाट चढून दिवसभराच्या गाडीनंतर इथे पोचल्यावर कुणालाही वाटतं की बागलकोटसारख्या मोठ्या गावात चांगलं हॉटेल बघावं. तसं करू नका. बदामीतल्या मुख्य रस्त्यावरचे लॉज साधे आहेत, पण लेणी तिथून चालत जाण्याइतकी जवळ आहेत, आणि अगस्त्य तीर्थाच्या काठावर संध्याकाळी असणं हेच बदामीचं मोल आहे. मावळतं ऊन तळ्याच्या पूर्व टोकाच्या भूतनाथ मंदिरावर आणि मागच्या तांबड्या कड्यांवर पडतं. तिसऱ्या लेण्यातला इसवी सन ५७८चा लेख आणि तिथला विष्णू सकाळी निवांत पाहावा. पट्टदकल आणि ऐहोळे जाऊन-येऊन एका दिवसात होतात.

माकडं भयंकर धीट. खोलीच्या खिडकीला जाळी आहे का, हे सामान ठेवण्याआधी बघायचं. जेवायला खानावळीत ज्वारीची पातळ भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि भरलं वांगं मिळतं; बाबा घरीच असल्यासारखे जेवतील.

हंपी

प्रिय ताई,

मुक्कामाची निवड सगळ्यात जास्त कुठे भोवते, तर इथे. हंपी १९८६पासून जागतिक वारसास्थळ आहे आणि त्या वारशात कुठे, कुणी, किती राहायचं यावर अनेक वर्षं झगडा चालला. विरूपाक्ष मंदिरासमोरच्या जुन्या बाजाराच्या दगडी ओवऱ्यांत माणसं राहत होती, दुकानं आणि खाणावळी चालत होत्या. २०११मध्ये ती वस्ती हटवली. नदीपलीकडे विरूपापूर गड्डी नावाच्या बेटावर परदेशी पाहुण्यांची गेस्ट हाऊसं होती. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२०मध्ये तीही पाडली. दगड वाचले हे चांगलंच झालं, पण ज्यांची दुकानं आणि घरं गेली त्यांच्या पोटाचा विचार उशिरा आणि तोकडा झाला, असं इथे फिरताना वाटत राहतं. जुन्या ब्लॉगांवर आणि पुस्तकांत या जागांची नावं अजून दिसतात. त्यांच्या भरवशावर कुणी येऊ नये.

आता वाटा चार. होसपेटला मोठी हॉटेलं आहेत, पण हंपी तिथून तेरा किलोमीटर. रोज ये-जा करावी लागते आणि पहाट हातची जाते. कमलापूरला कर्नाटक पर्यटन महामंडळाचं ‘मयूर भुवनेश्वरी’ आहे: मोकळी जागा, गाडी दारात, हंपी चार-पाच किलोमीटरवर. विरूपाक्षाच्या बाजूच्या जनता प्लॉटमध्ये घरांच्या वरच्या मजल्यांवर छोट्या खोल्या आहेत. आणि तुंगभद्रेच्या उत्तरेला आनेगुंदी, सणापूरकडे भातशेतीतले होमस्टे.

तरुण मंडळी उत्तरेकडे ओढली जातात. तिथल्या नदीकाठावरून विरूपाक्षाचं गोपूर दिसतं, मध्ये फक्त नदी. पण नाव माणसं नेते, मोटार नेत नाही. संध्याकाळी ती बंद होते आणि नदीला पाणी चढलं तर दिवसाही. मग गाडीला लांबचा वळसा. मार्च २०२५मध्ये सणापूरजवळ कालव्याच्या काठी रात्री बसलेल्या पर्यटकांवर आणि त्यांच्या यजमान बाईंवर हल्ला झाला. दोन स्त्रियांवर अत्याचार झाले, एका तरुणाचा जीव गेला. म्हणून त्या बाजूला राहायचं तर नोंदणी असलेलं, वस्तीतलं घर घ्यावं आणि अंधार पडल्यावर निर्जन जागी थांबू नये. आनेगुंदी हे जुनं, नांदतं गाव आहे, तिथे हा घोर कमी.

तुम्ही कमलापूरला राहा. मात्र एक रात्र जमलं तर जनता प्लॉटमध्ये काढावी, निदान तू तरी. कारण सकाळ. अंधारात मातंग टेकडी चढणाऱ्यांना उजाडताना सगळं विजयनगर खाली उलगडलेलं दिसतं: धोंड्यांच्या राशी, केळीच्या बागा, अच्युतरायाचं देऊळ. खाली येईस्तोवर विरूपाक्षाची लक्ष्मी हत्तीण माहुताबरोबर घाटाच्या पायऱ्या उतरत असते. पाण्यात ती कुशीवर आडवी होते, माहूत तिचा कान उचलून मागची कातडी दगडाने घासतो, आणि ती सोंड तेवढी पाण्याबाहेर ठेवून डोळे मिटून पडते. हे आई-बाबांना दाखवायला त्यांना कमलापूरहून सातच्या सुमारास गाडीने आणता येईल.

विठ्ठल मंदिर बाबांसाठी राखून ठेव. पंढरपूरची मूर्ती कृष्णदेवरायाने इथे आणली आणि नाथांचे पणजोबा भानुदास ती परत घेऊन गेले, ही कथा त्यांना पाठ आहे. गाडीतळापासून मंदिरापर्यंत विजेवरच्या गाड्या चालतात, ऊन होण्याआधी जावं. आणि हो, विरूपाक्षाच्या परिसरात मांसाहार आणि दारू नाही, हे बरोबर येणाऱ्या भाऊजींच्या मित्रांना आधीच कळव.

विजापूर

प्रिय ताई,

परतताना होसपेटहून सोलापूर एका दमात गाठता येतं, पण विजापूरला रात्र काढावी आणि ती गोलघुमटाच्या जवळपास. सुमारे ४४ मीटर व्यासाच्या त्या घुमटाखालच्या सज्जात भिंतीला तोंड लावून केलेली कुजबुज पलीकडच्या टोकाला ऐकू येते, ती फक्त गर्दी नसताना. शाळांच्या सहली आल्या की शिट्ट्या आणि आरोळ्यांखेरीज काही उरत नाही. तेव्हा दार उघडताच आत जायचं. मनोऱ्यातला जिना अरुंद आणि सात मजल्यांचा आहे, बाबांना खाली बागेतच बसवावं लागेल. आई बहुतेक चढेल. दोन्ही खोल्या एकाच मजल्यावर माग, गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं ते विचार, आणि हॉटेल सोडायची वेळ बाराची की चोवीस तासांची तेही. सोलापूर तिथून शंभर किलोमीटर, दुपारच्या जेवणाला सहज पोचाल.

तुझी धाकटी