ओ सेब्रेइरोची मिस्सा

स्पेनच्या वायव्येला सांतियागो येथे संत याकोबाची समाधी आहे अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा. तिथवर पायी नेणाऱ्या वाटेला नुसते 'कामिनो', म्हणजे वाट म्हणतात. फ्रान्सच्या सरहद्दीपासून ती सुमारे पावणेआठशे किलोमीटर भरते. मी चाललो ते शेवटचे १६०. आळंदी-पंढरपूर याहून लांब, तेव्हा फुशारकीला जागा नाही.

सुरुवात केली ओ सेब्रेइरोहून. तेराशे मीटर उंचीवरचे हे खेडे. गवताने शाकारलेली गोल घरे आणि एक ठेंगणे दगडी चर्च. वाटभर दिसणारे पिवळे बाण इथल्याच धर्मगुरूंनी, एलियास वालिन्या यांनी, १९८४ साली रंगवायला घेतले. चर्चमध्ये एक जुना चषक आहे. त्याची कथा अशी : हिमवादळात एक शेतकरी मिस्सेसाठी डोंगर चढून आला. एवढ्याशा भाकरी-वाइनसाठी हा वेडा इतका शिणला, असे वेदीवरच्या धर्मगुरूने मनात हिणवले, तोच भाकरीचे मांस आणि वाइनचे रक्त झाले. खरे-खोटे तो याकोब जाणे! पण चोखोबांच्या मुलखातून आलेल्याला ही गोष्ट परकी वाटत नाही.

संध्याकाळी मिस्सेला बसलो. बाकांवर चिखलाचे बूट, पट्ट्या बांधलेल्या टाचा. भाषा कळेना, शेजारच्या आजीबाईंकडे पाहून उठत-बसत होतो. मग प्रसादाची रांग लागली. कॅथलिक नसलेल्याने तो घ्यायचा नसतो, हे ठाऊक होते. मी बसून राहिलो. माझा बाक रिकामा झाला.

माझे आजोबा वारकरी. दरवर्षी पायी पंढरपूर गाठायचे आणि महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीवर डोके टेकवून परतायचे. आत जायला आमच्या जातीला बंदी होती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा दार उघडले. त्या आषाढीला आजोबा आत गेले. काय वाटले, असे विचारले की म्हणत, "चोखोबांचा निरोप होता, दिला."

दोन्ही बाहेर राहणी सारखी नव्हेत, हे मी बाकावर स्वतःला बजावत होतो. मला उद्या बाप्तिस्मा घेऊन त्या रांगेत उभे राहता येईल; आजोबांना कुठली दीक्षा घेता आली असती? युक्तिवाद बिनतोड होता. तरी घशाशी काही अडकलेच.

मिस्सा संपल्यावर फादरांनी सगळ्या वाटसरूंना पुढे बोलावले. देश विचारला. "इंडिया," मी म्हणालो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला; धर्म विचारला नाही. आजोबांच्या डोक्यावर कुणा बडव्याने असा हात ठेवला असेल, असे मला वाटत नाही.

बाहेर धुके उतरले होते. आजीबाईंनी माझ्या टाचेकडे बोट दाखवले आणि पिशवीतून चिकटपट्टी काढून दिली. उद्याची वाट उताराची होती.