रसायनशाळेंतून कायद्याकडे

विज्ञानाची पदवी घेतलेल्या मुलानें वा मुलीनें कायद्याकडे वळावयाचें म्हटलें, कीं घरावर सुतकी कळा येते, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील भेटावयास आले. मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, आणि आतां तीन वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमास जाऊं म्हणते. "सर, आजवरची फी पाण्यांतच गेली ना?" असें त्यांनीं विचारलें. प्रश्न कष्टाच्या पैशाचा होता. तो हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

आम्हीं त्यांस सांगितलें तें असें. कायद्याच्या एका प्रांतांत दारावरच विज्ञानाची पदवी विचारतात. शोध लावणाऱ्याच्या वतीनें पेटंट कार्यालयाचें काम पाहणाऱ्या पेटंट एजंटास, १९७० च्या पेटंट कायद्याच्या १२६ व्या कलमाप्रमाणें, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रशास्त्र यांपैकीं एका विषयाची पदवी असावी लागते. वयाचीं एकवीस वर्षें पूर्ण झालेल्या अशा पदवीधरास त्यासाठींची परीक्षा देतां येते. कायद्याच्या पदवीची अट नाहीं. उलट, नुसत्या वकिलीच्या बळावर कोणी एजंट होऊं शकत नाहीं.

विज्ञान तेथें कां लागतें, हें एका खटल्यावरून ध्यानांत येईल. नोव्हार्टिस या स्विस कंपनीचें 'ग्लिव्हेक' हें औषध रक्ताच्या एका कर्करोगावर देतात. त्यांतील मूळ द्रव्य पूर्वींच ज्ञात होतें. कंपनीनें भारतांत पेटंट मागितलें तें त्याच्या क्षाराच्या 'बीटा' नांवाच्या स्फटिकरूपासाठीं. मुलांनो, गंधक एकच असून त्याचे स्फटिक दोन आकारांचे होतात, हें तुम्हीं प्रयोगशाळेंत पाहिलें आहे. गोष्ट त्याच जातीची. हें रूप अधिक स्थिर आहे, ओलावा कमी शोषतें, असें कंपनीचें म्हणणें होतें. परंतु आपल्या कायद्यानें ज्ञात द्रव्याचें नवें रूप तेवढ्यानें शोध ठरत नाहीं; त्याची परिणामकारकता वाढलेली दाखवावी लागते. औषधाची परिणामकारकता म्हणजे रोगावर गुण येणें, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयानें १ एप्रिल २०१३ रोजीं लावला, आणि पेटंट नाकारलें गेलें. पेटंट म्हणजे वीस वर्षांची मक्तेदारी. ती न मिळाल्यामुळें इतरांस तेंच औषध स्वस्तांत विकण्याची वाट मोकळी राहिली. किती घरांचा औषधखर्च एका शब्दाच्या अर्थावर लोंबकळत होता! तो खटला समजण्यास स्फटिकही ओळखावा लागतो आणि शब्दही तोलावा लागतो.

मार्ग सुगम आहे असें मात्र कोणी समजूं नये. न्यायालयांत वकील म्हणून उभें राहावयाचें, तर कायद्याची पदवी आणि सनद हवीच. म्हणून त्या मुलीचीं तीन वर्षें आम्हांस व्यर्थ वाटत नाहींत. शिवाय या कामांतील लेखन मोठें चिकाटीचें. शोधावरील हक्क जेथें मागितला जातो, तेथें प्रत्येक मागणी एकाच वाक्यांत लिहावयाची असते. अर्ज साधारणतः अठरा महिन्यांनीं प्रसिद्ध होतात व कोणासही वाचतां येतात. आमच्या दहावीच्या कांहीं मुलींना आम्हीं असा एक अर्ज वाचावयास दिला. वाक्य पाऊण पान चाललेलें पाहून त्यांनीं प्रथम पूर्णविराम शोधला, मग कर्ता. आणि तो सांपडल्यावर, हें यंत्र चालतें तरी कसें, यावर मधल्या सुटींत वाद घातला.