उत्तरेच्या भिंतीखालचे अळू

होस्टा ही जपान, कोरिया आणि चीनमधील बहुवर्षायू वनस्पती असून, ठसठशीत शिरांच्या रुंद पानांसाठी ती लावली जाते. निकोलस होस्ट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञावरून १८१२ मध्ये तिला हे नाव देण्यात आले. युरोप-अमेरिकेत सावलीतल्या बागेचा विषय निघाला की पहिले नाव तिचेच घेतले जाते, आणि त्यामुळे दिल्ली, गुरुग्राम किंवा नोएडा येथे कडुनिंबाखालचा ओसाड कोपरा हिरवा करू पाहणाऱ्यांना वाटते की सावली आहे तर होस्टा लागेल. हा समज अर्धाच खरा आहे. होस्टाला सावली मानवते, पण तिला त्याहून अधिक गरज असते ती थंडीतल्या झोपेची, म्हणजे पाने पूर्णपणे जिरून जाऊन जमिनीखालचा गड्डा कित्येक आठवडे सलग गार मातीत निपचित पडून राहण्याची. दिल्लीत जानेवारीच्या रात्री पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो हे खरे, परंतु दुपारी तो पुन्हा वीसच्या आसपास चढत असल्याने ही झोप पुरती होत नाही. डोंगराळ भागातून आणलेला गड्डा पहिल्या वसंतात उत्तम पाने देतो, कारण ती मागच्या हिवाळ्याच्या शिदोरीवर आलेली असतात. पुढे मात्र दरवर्षी पाने लहान होत जातात, आणि माळी पाण्याला किंवा खताला दोष देत राहतो. गड्डे हिवाळाभर फ्रिजमध्ये ठेवून काही हौशी मंडळी ही उणीव भरून काढतात, पण त्या खटाटोपात एखादी कुंडी जगते, कोपरा भरत नाही.

येथे सावलीचाही वेगळा विचार करावा लागतो. दिल्ली सुमारे २८.६ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून केवळ ३८ अंश वर असतो, आणि तीन मीटर उंच भिंतीची सावली उत्तरेकडे पावणेचार मीटरपेक्षा लांब पडते. जूनमध्ये तोच सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, ती सावली वीतभर उरते, आणि सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळत असल्यामुळे, हिवाळाभर ऊन न पाहिलेल्या उत्तरेच्या वाफ्यावर नेमकी लू वाहण्याच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येते. लू म्हणजे मे-जूनमधला कोरडा, भाजणारा पश्चिमेचा वारा. जानेवारीत सावली पाहून निवडलेली जागा म्हणूनच मे महिन्यात दगा देते, आणि जागेची खरी परीक्षा वर्षातून दोनदा, डिसेंबरात आणि जूनमध्ये, उभे राहून पाहिल्यावाचून होत नाही.

होस्टाचे काम या प्रदेशात अळूच्या कुळाने करावे हे सर्वांत सयुक्तिक. मराठी घरांत नळाजवळच्या ओलीत जो अळू वाढतो, ज्याला दिल्लीत अरबी म्हणतात, तो, मोठ्या पानांचा कासाळू आणि रंगीत पानांचे कॅलेडियम ही सारी एकाच कुळातली. पानांचा आकार, एकावर एक येणारी त्यांची रचना आणि पावसाचा थेंब पेलण्याची अळूची तऱ्हा पाहिली, तर होस्टाची उणीव भासत नाही. शिवाय जपानात होस्टाचे कोवळे कोंब भाजी म्हणून खातात, त्यामुळे पानांकडे एकाच वेळी शोभा आणि ताट या दोन्ही दृष्टींनी पाहण्याची आपली सवय तिकडेही परकी नाही.

अळूला ओल हवी, आणि कडुनिंबाखाली ओल टिकत नाही, कारण वरच्या थरातले पाणी झाडाची बारीक मुळे आधीच उचलतात. कुंडी जमिनीत काठापर्यंत पुरणे हा त्यावरचा साधा उपाय होय. गुरुग्रामच्या काही भागांत विहिरीचे पाणी खारट असते, त्याने पानांच्या कडा करपतात. तेथे साठवलेले पावसाचे पाणी अळूसाठी राखून ठेवावे. नोव्हेंबरमध्ये हवेतील धूळ पानांवर बसून त्यांच्यापर्यंत पोहोचणारा उजेड अडवते, तेव्हा सकाळी पाने धुण्याला खत घालण्याइतकेच महत्त्व दिले पाहिजे.

कॅलेडियमचे चक्र होस्टाच्या जवळपास उलटे आहे. होस्टाला जागे होण्याआधी थंडी लागते, कॅलेडियमला जाग येते ती उबेने. थंडी पडू लागली की त्याची पाने माना टाकतात; पाणी तोडून कंद काढावेत आणि कोरड्या वाळूत ठेवावेत, कारण ओल्या गार मातीत ते सडतात. मार्चमध्ये कडुनिंब जुनी पाने टाकतो आणि थोडे दिवस ऊन थेट जमिनीवर उतरते. तेवढ्या अवधीत माती तापते, आणि कंद लावण्याची वेळ तीच, कारण पहिले पान उलगडेपर्यंत महिना-दीड महिना जातो आणि तोवर कडुनिंबाची नवी पालवी दाट होऊन वरचे छत पुन्हा मिटलेले असते.