व्हिडिओ कॉल नको, पत्र लिही

चि. बाळास,


परवा ‘सगळं ठीक आहे’ म्हणालास, पण तोंड उतरलेलं दिसत होतं. फोन ठेवल्यावर तुझी आई रात्रभर जागी. म्हणून सांगते, पत्र लिहीत जा. पत्रात चेहरा दिसत नाही, ही मोठी सोय.

तुझे आजोबा, म्हणजे आमचे नाना, तुझ्यासारखेच फौजेत, १९७१च्या लढाईत होते. पत्त्यात ना गाव ना मुलूख, नुसतं ‘मार्फत ५६ एपीओ’. आंतर्देशीय आलं की माझ्या आईला वाचून दाखवायचं काम माझं, कारण तिला अक्षरओळख नव्हती. नाना लिहायचे, जेवण बरं आहे, थंडी फारशी नाही. आई उत्तर सांगायची, ‘लिही, विहिरीला पाणी आहे, म्हैस दूध देते.’ विहिरीचा तळ दिसत होता आणि म्हैस सांगोल्याच्या बाजारात विकून झाली होती. बहात्तरचा दुष्काळ आमच्या दारात आधीच येऊन उभा होता. नाना सुट्टीवर आले, गोठ्याकडं न बघता थेट घरात गेले. म्हशीचं त्यांनी कधीच विचारलं नाही.

अशी झाकूनपाकून लिहिलेली पत्रं त्याच्याही आधीपासूनची. पहिल्या महायुद्धात आपल्या स्टेशनावरून बार्शी लाइटची छोटी गाडी कुर्डुवाडीला जायची. इकडचा जवान तिथून मुंबईला आणि पुढं बोटीनं. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांचं टपाल बुलोन बंदरातल्या कचेरीत सेन्सॉर वाचायचा. शिपाईही काही कमी नव्हते. काळी मिरी म्हणजे आपले जवान, लाल मिरी म्हणजे गोरे, आणि कुठली मिरी संपत आली ते घरच्यांनी ओळखायचं. सेन्सॉरलाही ते कळलंच म्हणा! त्याच्या कचेरीनं केलेले इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत शाबूत आहेत. डेव्हिड ओमिसीनं त्यांतले निवडक १९९९ साली पुस्तकात आणले. घरोघरची मूळ पत्रं मात्र बहुतेक गेली. म्हणजे ज्यानं परक्याची पत्रं वाचली, त्याच्याकडूनच ती जपली गेली.

त्याच युद्धात इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या, डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ ला शरणागती होईपर्यंत. धान्य आटलं, घोडे कापायची वेळ आली, आणि ते मांस खायचं की धर्म राखायचा यावर हिंदी शिपाई अडून बसले. हे आईला कुठला पोरगा लिहील? टपाल बाहेर जात असतं, तरी त्यानं ‘जेवण बरं आहे’ एवढंच लिहिलं असतं.

तूही तसंच लिही. ठिकाण, पलटण, हालचाल यांतलं काही नको. मेसमधल्या भाजीबद्दल लिही, शेजारच्या खाटेवरचा कसा घोरतो ते लिही. पत्र आईच्या नावानं टाक, माझ्या नको. तिला वाचून दाखवावं लागत नाही. तू काय गाळलंस, तेही ती बरोबर वाचेल.

बोरं उतरायला लागलीत. सुट्टी मिळाली तर ये.

तुझी आत्ती,
मोडनिंब