वॉल्व्ह का जळला?



रक्त कमी होणे, म्हणजे ॲनिमिया, या विषयावर मी आधीही लिहिले आहे. आज पुन्हा लिहितो आहे, कारण या गोष्टीत एक चूक माझी आहे. गोष्टीची सुरुवात मात्र दवाखान्यात नाही, एका जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये आहे.

माझ्या वडिलांकडे साठच्या दशकातला वॉल्व्हचा ॲम्प्लिफायर होता. कोणत्या कंपनीचा नव्हे, एका मेकॅनिकने सुटे भाग जोडून दिलेला. सक्करदऱ्यात आमच्या गल्लीत गणपती असो, कोजागिरी असो की तान्हा पोळा, भोंग्याला तोच जोडला जायचा. वडील गेल्यावर तो माळ्यावर पडून राहिला. मागच्या दिवाळीच्या सफाईत मी तो खाली काढला, धूळ पुसली आणि उत्साहाच्या भरात सरळ प्लग लावला. आधी मोठी घरघर आली. मग चार-पाच मिनिटांत एका वॉल्व्हच्या आतली प्लेट लालबुंद झाली. घाबरून बंद केला.

मी डॉक्टर असल्यामुळे निदान झटकन केले: वॉल्व्ह गेला, नवीन आणू.

वॉल्व्हवर नंबर होता ईएल८४. बर्डीवर तीन-चार दुकाने फिरलो. पहिल्या दुकानातल्या मुलाने वॉल्व्ह म्हटल्यावर मला पाण्याच्या नळाचे दुकान दाखवले. एका वयस्कर दुकानदाराने मात्र नंबर वाचला आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, हा मागायला आता कोणी येत नाही.” एके काळी हे आपल्याकडेच बनत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे वॉल्व्ह बनवायला सुरुवात केली होती. ट्रान्झिस्टर आले आणि ते काम थांबले. आता नवे वॉल्व्ह येतात ते स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून. जुने न वापरलेले हवे असतील तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चोरबाजार, नाहीतर पुण्यात बुधवार पेठेतली दुकाने पालथी घालावी लागतात.

या शोधात एक गोष्ट कळली, ती तुम्हाला औषधांच्या बाबतीतही उपयोगी पडेल. युरोपात ज्याला ईएल८४ म्हणतात, त्यालाच अमेरिकेत ६बीक्यू५ म्हणतात. वस्तू एकच, नावे दोन. जेनेरिक आणि ब्रँडेड गोळीचे असेच आहे. पण उलटही खरे. ईसीसी८३ आणि ईसीसी८२ हे दोन वॉल्व्ह एकाच सॉकेटमध्ये बसतात, दिसतातही सारखे. तरी पहिला आवाज जितका वाढवतो, त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाच दुसरा वाढवतो. सॉकेटमध्ये बसला म्हणजे चालला असे नाही. म्हणून मेडिकलमध्ये “साहेब, ही पण तीच गोळी आहे” असे कोणी म्हटले, तर पाकिटावरचे औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम स्वतः वाचा.

काकांनी विचारलेला प्रश्न

शेवटी एका पेशंटची आठवण झाली. ते पंचाहत्तरीचे, आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेले. त्यांच्याच परवानगीने हे लिहितो आहे, नाव देत नाही. त्यांच्या घरी पत्र्याच्या डब्यांत जुने वॉल्व्ह वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले होते. त्यात ईएल८४ चे दोन निघाले. मला आनंद झाला. म्हटलं, काका, लावून द्या.

काका म्हणाले, “लावून देतो ना जी. पण आठ दिवसांत हाही जाईन. याले जाळून कोण राहिलं, ते तं पाहू द्या आधी.”

त्यांनी लाल झालेला वॉल्व्ह काढला, रिकाम्या सॉकेटच्या दोन नंबरच्या पिनवर मीटर लावले. डावा हात खिशात. तिथे शून्य व्होल्ट दिसायला हवे होते. दिसले बारा. त्या पिनच्या आधी एक छोटा कागदी कपॅसिटर असतो. त्याचे काम आवाजाचा सिग्नल पुढे जाऊ देणे आणि मागची तीनशे व्होल्टच्या आसपासची डीसी अडवणे. पन्नास-साठ वर्षांत त्याचा कागद ओलावा धरतो आणि थोडी थोडी डीसी झिरपू लागते. तेवढ्याने वॉल्व्ह गरजेपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो आणि तापून मरतो. वॉल्व्हचा दोष नव्हता. झिरपणाऱ्या, दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या भागाचा होता.

हे सांगताना काका मध्येच थांबले. दम लागला होता. ओठ पांढरे दिसत होते. आणि मला एकदम माझी फाइल आठवली.

माझी चूक

सात महिन्यांपूर्वी काका थकवा येतो म्हणून आले होते. हिमोग्लोबिन ८.४. फेरिटिन कमी, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपलेला. गुडघ्यांसाठी ते मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या घेत असत. या गोळ्यांनी जठरात जखम होऊन रक्त जाऊ शकते. मी तेच कारण धरले, गोळ्या बंद केल्या, लोहाच्या सुरू केल्या. दुर्बिणीच्या तपासणीची चिठ्ठीही दिली होती. पण दोन महिन्यांत हिमोग्लोबिन १०.६ झाले. काका म्हणाले, “आता बरं वाटते, कायले ती तपासणी?” आणि मी जोर धरला नाही. आकडा वाढताना पाहून मीही निश्चिंत झालो. नंतर ते आलेच नाहीत, आणि मीही फोन केला नाही.

म्हणजे मी नवा वॉल्व्ह लावला होता. त्याला जाळणारे काय, हे पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासले. हिमोग्लोबिन पुन्हा ८ च्या खाली. वरची दुर्बीण ठीक निघाली. मोठ्या आतड्याच्या तपासणीत उजव्या बाजूला गाठ सापडली. कर्करोगाची होती, पण आतड्याबाहेर पसरलेली नव्हती. ऑपरेशन झाले. आज काका बरे आहेत, तपासणीला वेळेवर येतात. पण ते सात महिने मी त्यांना परत देऊ शकत नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितले. ते म्हणाले, “मीच तं नाही म्हटलं होतं, डॉक्टरसाहेब.” त्यांचा मोठेपणा. पेशंटने नाही म्हटल्यावर का नाही, हे विचारणे माझे काम होते.

तुमच्यासाठी

१. पुरुषांत १३ आणि गर्भवती नसलेल्या स्त्रियांत १२ पेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे ॲनिमिया. पण ॲनिमिया हा आजाराचा शेवटचा शब्द नाही. तो लाल झालेली प्लेट आहे.

२. तरुण स्त्रियांत पाळीचा जास्त रक्तस्राव आणि आहार ही नेहमीची कारणे. पण पुरुषाला, किंवा पाळी गेलेल्या स्त्रीला लोहाची कमतरता निघाली, तर पोटातून रक्त जाते का, हे पाहायलाच हवे. “वय झालं, रक्त कमी होणारच” हे खरे नाही.

३. उजव्या बाजूच्या आतड्यातून झिरपणारे रक्त बहुधा डोळ्यांना दिसत नाही. दिसले तरी “मूळव्याध असेल” म्हणून सोडू नका.

४. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, त्यात घाबरण्यासारखे नाही. गोळ्या चालू नसताना डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

५. आपल्या विदर्भात सिकलसेल बराच आढळतो. प्रत्येक ॲनिमिया लोहाचा नसतो. तपासणी न करता महिनोन्‌महिने टॉनिक पिऊ नका.

६. गोळ्यांनी आकडा वाढला म्हणजे कारण गेले असे नाही. मी इथेच फसलो.

आणि घरात असा जुना ॲम्प्लिफायर किंवा रेडिओ असेल, तर माझ्यासारखा थेट प्लग लावू नका आणि स्वतः उघडूही नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार साठून राहू शकतो. जाणकाराकडेच न्या.

आमचा ॲम्प्लिफायर काकांनी ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी, खुर्चीवर बसून, पूर्ण केला. सगळे कागदी कपॅसिटर बदलले, घरघर करणारा मोठा कपॅसिटरही बदलला. वॉल्व्ह त्यांच्या डब्यातलेच दोन लावले. पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाले, महिन्यातून एकदा चालू करत जा, आणि प्लेटवर लक्ष ठेवा.

तुमच्या घरात कोणी बऱ्याच दिवसांपासून “अशक्तपणाच्या” गोळ्या घेत असेल, तर आज त्यांना एकच विचारा: रक्त कमी का झाले, हे कोणी शोधले का? नसेल, तर रिपोर्ट घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.

काळजी घ्या.